तीन नंबरचा कठडा

१

ज्या माणसाला पडू द्यायचं नाही म्हणून चार पलंगांचं अख्खं युनिट उभं केलंय, तोच माणूस फरशीवर पडला होता. कपाळ फुटलेलं, डोक्याच्या तारा ओढून निघालेल्या, आणि पलंगाचा डावा कठडा खाली.

बुधवारी दुपारी दोन वाजून एकोणीस मिनिटांनी हे घडलं. गुरुवारी सकाळी आठला ललिता गजभिये सुट्टीवरून परत आली, तेव्हा तिच्या युनिटची सगळ्यात चांगली नर्स कपडे बदलायच्या खोलीबाहेर स्टुलावर बसली होती. गणवेश नाही. साध्या पंजाबी ड्रेसमध्ये दीपाली ओव्हाळ एकदम शाळकरी दिसत होती.

"ताई, मला काढलंय," ती म्हणाली. "आज पाचला चौकशी. कठडा मी खाली ठेवला असं म्हणतात."

"ठेवलास का?"

"नाही."

"मग रडतेस कशाला? चहा घे."

ललिता असं बोलली खरी, पण पुढचं सगळं तिला दिसत होतं. सव्वीस वर्षं नर्सिंगमध्ये काढलेल्या बाईला चौकशी म्हणजे काय ते कुणी सांगायला लागत नाही. इथे पाच वाजता 'निष्काळजीपणा' असा एक शब्द कागदावर आला, की तो नर्सिंग कौन्सिलकडे जातो, आणि मग पोरीला आयुष्यभर कुणी दारात उभं करत नाही. दीपालीचे वडील धम्मदीप खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामगार. घराण्यातली ही पहिली नर्स. अपस्माराच्या विशेष प्रशिक्षणासाठी युनिटमधून एकाच नावाची निवड झाली होती, तेही हिचंच. पुढच्या महिन्यात जायचं होतं.

आता हे युनिट काय असतं ते एकदा ऐकून घ्या. बाकी सगळं हॉस्पिटल फिट येऊ नये म्हणून धडपडतं, हे युनिट ती यावी म्हणून वाट बघतं. पेशंटच्या गोळ्या हळूहळू कमी करतात, डोक्याला तारा चिकटवतात, वर कॅमेरा लावतात. झटका मेंदूच्या कुठल्या कोपऱ्यातून उठतो ते सापडलं, तर ऑपरेशन करून माणूस कायमचा मोकळा होऊ शकतो. शोध लागला की नाव डॉक्टरांचं होतं. पण झटका आल्यावर धावायचं कुणी? उशाशी उभं राहून त्याला कुशीवर वळवायचं, श्वास बघायचा, आणि तेवढ्यात त्याची परीक्षाही घ्यायची, हे कुणी करायचं? नर्सने. आणि माणूस पडला की खापरही तिच्याच डोक्यावर.

ललिता सरळ प्रशासनाच्या सुनीती मॅडमच्या केबिनमध्ये घुसली. तिथे युनिटचे प्रमुख डॉ. महिपती देशमाने आधीच बसले होते. वय बासष्ट, कडक इस्त्री, पुण्यात मोठं नाव.

"मला एक दिवस द्या," ललिता म्हणाली. "कॅमेऱ्याचं चित्रण बघू, मग ठरवू."

"चित्रण नाहीये," सुनीती मॅडम म्हणाल्या. "दोन ते अडीचचं गायब आहे."

"आणि चित्रण हवंय कशाला?" सर उसळले. "मी तीनपर्यंत सदाशिव पेठेत माझ्या क्लिनिकमध्ये होतो. फोन आला तसा धावत आलो. माझा पेशंट, दोन-दोन झटके आले त्याला, आणि सिस्टरबाई एकदाही जागेवर नाहीत! अजून काय पुरावा पाहिजे? टाळ्या वाजवू का?"

ललिताने मान खाली घातली. पण बाहेर पडताना तिला काहीतरी टोचत होतं. काय, ते मात्र कळत नव्हतं.

२

"पहिल्यापासून सांग," तिने दीपालीला सांगितलं. "काही गाळू नकोस."

"दोन दहाला तीन नंबरच्या अभिनवने बटण दाबलं. मी पळाले. तो म्हणाला, सिस्टर, पोटातून वर येतंय. मी शब्द दिला."

हा शब्द म्हणजे युनिटची जुनी रीत. झटका सुरू असताना नर्स पेशंटला एक शब्द लक्षात ठेवायला सांगते आणि शुद्धीवर आला की विचारते. त्याला आठवलं की नाही, यावरून मेंदूची कुठली बाजू बिघडलीय त्याचा अंदाज येतो. प्रत्येकीचा शब्द ठरलेला. दीपालीचा 'हिरवं कासव'. शिकाऊ पायलचा 'बटाटेवडा', आणि त्यावरून तिची रोज टिंगल. ललिताचा 'चांदीचं पैंजण'.

"डावा हात वाकडा झाला, नेहमीसारखा. दीड मिनिटात थांबला. मी कुशीवर वळवला, दोन्ही कठडे वर, उशा लावलेल्या. त्याची आई जेवायला गेली होती, म्हणून पायलला बसवलं. तेवढ्यात एक नंबरच्या कचरूबाबांचं बटण वाजलं. त्यांना मोठा झटका, तोंडाला फेस. मी पायलला हाक मारली, फेस ओढायचं सक्शन घेऊन ये म्हणून. ती आली. ताई, चार पलंगांना आम्ही दोघीच, त्यातली एक शिकाऊ. मी काय माझे दोन तुकडे करू?"

आधी युनिटला दोन पक्क्या नर्स असत. सहा महिन्यांपूर्वी एक कमी केली. कागदावर त्याला 'फेररचना' म्हणतात.

पायल औषधांच्या खोलीत डोळे सुजवून उभी होती.

"ताई, मी त्याला एकटं सोडलं," ती हुंदका देत म्हणाली. "पण आईशप्पथ, कठड्याला हात नाही लावला. आवाज आला, धावत गेले, तर तो खाली."

"खोलीत कोणी होतं?"

"कोणी नाही. फक्त..."

"फक्त काय? बोल की बाई!"

"डावीकडची उशी. ती जमिनीवर नव्हती. कोपऱ्यातल्या खुर्चीवर नीट ठेवलेली होती."

ललिता जागच्या जागी थांबली. पेशंट गुंगीत धडपडत उठला, तर उशी ढकलेल, तुडवेल. खुर्चीवर नीट ठेवेल? शुद्ध हरपलेला माणूस इतका टापटीप असतो का?

म्हणजे त्या खोलीत तिसरं कुणीतरी होतं.

३

पेशंटचे आलेख वाचतात त्या रीडिंग रूममध्ये तंत्रज्ञ संजय मशीनसमोर बसला होता. पंचेचाळिशीचा, हुशार, पण आज तिच्या नजरेला नजर देईना. या खोलीतून तीन नंबरच्या खोलीत एक आतलं दार उघडतं, आणि दुसरं दार मागच्या जिन्याकडे.

"चित्रण कसं गेलं रे संजय?"

"मशीनने खाल्लं, ताई. चित्रण जड असतं ना. बटण दाबलं की त्या जागी खूण पडते. रोज चार वाजता मशीन खुणेचं तेवढं ठेवतं, बाकीचं आपोआप पुसतं. काल सगळे टाके बघत होते, कुणाच्या ध्यानात राहिलं नाही."

"अभिनवने बटण दाबलं होतं. मग खूण पडलीच असणार."

संजयने दाराकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "पडली होती. कुणीतरी काढली."

"कुणाला काढता येते?"

त्याने पडद्याच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीकडे बोट दाखवलं. पट्टीवर पासवर्ड लिहिलेला, ठळक अक्षरात. येणाऱ्या-जाणाऱ्यालाही वाचता यावा असा. वा! सुरक्षिततेवर याच हॉस्पिटलने गेल्या महिन्यात दोन तासांचं व्याख्यान ठेवलं होतं.

"आणि मेंदूचा आलेख? तोही पुसला?"

"तो नाही पुसत. तो हलका असतो, पूर्ण राहतो."

"उघड."

"सर सोमवारी वाचतात, त्याआधी कुणी—"

"उघड म्हणते ना!"

पडद्यावर बुधवारची दुपार सरकू लागली. दोन दहा: रेषा खवळल्या, दीड मिनिटाने शमल्या. हा पहिला झटका, रजिस्टरमध्ये नोंदलेला. दोन बारा, तेरा, चौदा. शांत. दोन पंधराला सगळ्या रेषांना एकदम हिसका. कुणीतरी पलंग हलवला होता. आणि दोन सोळाला ललिता खुर्चीवरून अर्धी उठली.

रेषा पुन्हा खवळल्या होत्या.

"दुसरा झटका," संजय पुटपुटला. "हा कुठेच नोंदलेला नाही. याचं बटण दाबलेलंच नाही."

"दोन सोळाला तू पडद्यासमोर होतास ना? मग तुला दिसला कसा नाही?"

संजयने आवाज खाली आणला. "ताई, मी खाली चहाला गेलो होतो. वीस मिनिटं. कुणाला सांगू नका, मला दोन पोरी आहेत."

"तुझ्या चहामुळे दुसऱ्याची पोरगी घरी बसतेय, ते?" ललिता कडाडली. "आज पाचला हे सगळ्यांसमोर बोलायचं. नाहीतर मी बोलेन, आणि मी बोलले तर जास्त लागेल."

बाहेर येता येता तिच्या डोक्यात सकाळपासूनचं ते टोचणारं कुसळ एकदम सापडलं.

दोन-दोन झटके आले त्याला, असं सर म्हणाले होते.

दीपालीला एकच झटका माहीत होता, पायललाही एकच. रजिस्टरमध्ये एक. आलेख तर आत्ता, या मिनिटाला, पहिल्यांदा उघडला. मग सदाशिव पेठेत बसलेल्या माणसाला दुसरा कुठून दिसला?

४

तरी ललिताने स्वतःलाच दम दिला. बोलण्यात चूक होते. आधी अभिनव काय म्हणतो ते बघू. तो स्कॅनहून परत यायला तीन वाजले.

अभिनव चोवीस वर्षांचा, हिंजवडीत कॉम्प्युटरवर काम करणारा, राहायला कोथरूडला. कपाळावर सात टाके, डोक्यावर नव्याने चिकटवलेल्या तारा. शेजारी त्याची आई द्वारकाबाई.

"अहो सिस्टर, मी दोन घास खायला गेले हो," द्वारकाबाईंनी पदराने डोळे पुसले. "परत येते तर हे! ती दीपाली चांगली मुलगी आहे. पण डॉक्टर म्हणतात तिचंच चुकलं. मोठे डॉक्टर खोटं कशाला बोलतील?"

ललिताला यावर पुष्कळ बोलता आलं असतं. ती अभिनवकडे वळली.

"काल दीपालीने तुला शब्द दिला होता. आठवतोय?"

"हो, हिरवं कासव. तिचं नेहमीचंच आहे ते." तो हसला, आणि टाके ओढले गेले तसा कळवळला. "पण सिस्टर, दुसरा शब्द फार ऑड होता."

"दुसरा?"

"हां, नंतरचा. सगळं धूसर होतं, पण तो शब्द डोक्यात अडकलाय. पितळी घंगाळ." त्याने आईकडे बघितलं. "आई, घंगाळ म्हणजे काय असतं गं?"

"अरे, आंघोळीचं पाणी काढायचं मोठं भांडं. दोन कड्या असतात त्याला. माझ्या माहेरी होतं," द्वारकाबाई म्हणाल्या. "पण मी कधी बोलले तुझ्यापुढे?"

"कधीच नाही. मी शब्दच पहिल्यांदा ऐकला."

ललिताने मनातल्या मनात जोडायला घेतलं. झटका उजव्या मेंदूतला असला, की बऱ्याच जणांची भाषा शाबूत राहते. अभिनवचा डावा हात वाकडा होतो, म्हणजे उजवीच बाजू. म्हणून त्याला शब्द आठवतात. आणि ज्याचा अर्थच ठाऊक नाही, तो शब्द माणूस गुंगीत स्वतःहून बनवणार नाही. कुणीतरी तो त्याच्या कानाशी म्हणालं होतं. ज्याला झटक्यात शब्द द्यायची रीत माहीत आहे, ज्याच्या लहानपणी घरात घंगाळ होतं, आणि जो आमच्यापैकी नर्स नाही, असं कुणीतरी.

"आवाज कुणाचा होता? बाईचा, पुरुषाचा?"

"नाही सांगता येणार. एवढंच आठवतंय, की कुणीतरी म्हणत होतं, हात दिसत नाहीये, हात दिसत नाहीये."

नर्सेसच्या टेबलावर आठवडाभर चिकटवलेला एक कागद होता. ललिता आता त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. खाली डॉ. देशमान्यांची सही. वर लिहिलं होतं: 'तीन नंबरच्या पेशंटचा डावा हात कॅमेऱ्यात स्पष्ट दिसलाच पाहिजे. कठड्याच्या उशा आड येतात. ही शेवटची सूचना.'

शनिवारी सरांचं परिषदेत भाषण होतं. विषय, झटक्यात वाकडा होणारा हात.

आता सगळं जुळलं. पण जुळून उपयोग काय? एका बाजूला पुण्यातलं मोठं नाव, दुसऱ्या बाजूला एक नर्स आणि गुंगीतला पेशंट. घड्याळात पावणेचार.

५

पाच वाजता सुनीती मॅडम, डॉ. देशमाने, दीपाली, संजय आणि बाकीचे तीन नंबरच्या खोलीत उभे होते. ललितानेच हट्ट धरला होता.

"मॅडम, चौकशीआधी एक सराव करू. मी पेशंट होते. दीपालीचं नेमकं काय चुकलं ते पोरींना कळू दे. आणि दाखवायचं तर सरांनीच दाखवावं. सरांइतकं कुणाला येतं?"

सरांनी घड्याळ बघितलं, पण त्यांना हे आवडलं. हातातला लॅपटॉप त्यांनी टेबलावर ठेवला. "चला, लवकर उरका."

ललिता पलंगावर आडवी झाली. दोन्ही कठडे वर, उशा लावलेल्या, कॅमेरा सुरू. आतलं दार लोटलेलं होतं. त्याच्यामागे चाकाच्या खुर्चीत अभिनव आणि शेजारी द्वारकाबाई, हे फक्त पायलला ठाऊक. ललिताचं काळीज असं उडत होतं, की मशीन लावलं असतं तर तिचाही आलेख खवळला असता. तिने डावा हात वाकडा केला, अगदी अभिनवसारखा, आणि उशीआड सरकवला.

पायलने बटण दाबलं.

"बघा हं," सर पुढे आले. आवाजात वर्गात शिकवण्याचा थाट. "आधी नाव विचारायचं. तुमचं नाव काय? ती बोलत नाहीये, ठीक. हात वर करा. नाही करत. आता शब्द. लक्षात ठेवा, पितळी घंगाळ. पितळी घंगाळ. मग हात बघायचा. आता हा हात दिसत नाहीये..."

त्यांनी उशी उचलली, कोपऱ्यातल्या खुर्चीवर नीट ठेवली, आणि कठड्याची कळ दाबली.

खट्.

डावा कठडा खाली गेला.

बोलताना माणूस सावध असतो. हातांना मात्र तीस वर्षांची सवय असते, आणि सवयीला चौकशी-बिकशी कळत नाही.

"तेच!" दार धाडकन उघडलं. अभिनव खुर्चीतून ओरडत होता. "घंगाळ! आई, हाच शब्द! हेच म्हणाले होते!"

 ललिता पलंगावर उठून बसली.

"सर, बुधवारी दोन पंधराला तुम्ही सदाशिव पेठेत नव्हता. मागच्या जिन्याने रीडिंग रूममध्ये आलात. संजय चहाला गेला होता."

"वीस मिनिटं जागेवर नव्हतो," संजय खाली बघत म्हणाला. "मी लेखी देतो."

"पहिल्या झटक्यात हात नीट दिसला नव्हता. म्हणून आतल्या दाराने या खोलीत आलात, उशी काढलीत, कठडा पाडलात. दुसरा झटका तुमच्यासमोर आला. बटणही दाबलं नाहीत, कारण बटण वाजलं तर आम्ही आलो असतो. झटका संपला, आणि हात कॅमेऱ्यात आला का ते बघायला पडद्याकडे गेलात. कठडा तसाच. पोरगं गुंगीत उठलं आणि आपटलं. तुम्ही खूण काढलीत आणि आल्या जिन्याने उतरलात."

"मूर्खपणा आहे हा!" सरांचा आवाज चिरकला. "एका गुंगीतल्या पेशंटच्या शब्दावर—"

"तुमच्याही शब्दावर. काय मॅडम, सकाळी सर तुमच्या केबिनमध्ये किती झटके म्हणाले?"

सुनीती मॅडम सावकाश म्हणाल्या, "दोन."

"तेव्हा अख्ख्या हॉस्पिटलमध्ये एकच माहीत होता. दुसरा मला साडेनऊला सापडला."

"पण चित्रण नाहीये ना!" सर ओरडले.

"आहे की," ललिता म्हणाली. "ज्या हातासाठी कठडा पाडलात, तो हात तुम्ही पुसू देणार नाही. चारच्या आधी कॉपी घेतली असणार. शनिवारच्या भाषणात आहे. तुमचा लॅपटॉप टेबलावरच आहे, सर. उघडता, की मॅडमनी उघडायचा?"

 सुनीती मॅडमनी लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला आणि हात मागे घेतला नाही. शेवटी बासष्ट वर्षांची ती इस्त्रीची कॉलर घामाने मऊ पडली, आणि त्यांनी पासवर्ड टाकला.

भाषणाच्या नवव्या पानावर चित्रण होतं. दोन्ही झटके, सलग, अजून काटछाट न केलेले. कोपऱ्यात वेळ धावत होती. दोन दहा आणि चार सेकंद: अभिनवचा अंगठा बटणावर. पायल तोंडाने मोजू लागली, मग सगळेच मनात मोजू लागले. सहा, सात, आठ. नवव्या सेकंदाला दार ढकलून दीपाली आत आली. कठडे वर, उशा जागेवर, एक हात त्याच्या खांद्यावर. ओठ हलताना दिसले. हिरवं कासव.

पुढचं कुणाला बघवलं नाही. तरी ललिताने ते सगळ्यांना बघायला लावलं.

द्वारकाबाई उठल्या, थेट दीपालीपुढे गेल्या आणि तिचे दोन्ही हात धरून नुसत्याच उभ्या राहिल्या.

सुनीती मॅडम म्हणाल्या, "हे आपण घरातल्या घरात... म्हणजे हॉस्पिटलचं नाव..."

"चालेल की," ललिता म्हणाली. "दीपालीला बाहेर काढताना नोटीस फलकावर लावली होती ना? मग माफीही फलकावर. लेखी. सरांचं जे व्हायचं ते मेडिकल कौन्सिलमध्ये होईल, अर्ज मी लिहिलाय. आणि कमी केलेली नर्स सोमवारी मला परत पाहिजे. नाहीतर पुढच्या वेळी कठडा कुणीच पाडणार नाही, तरी माणूस पडेल. मग कुणाला घरी बसवाल?"

मॅडमनी पेन काढलं.

६

शुक्रवारी सकाळी दहाला तीन नंबरचं बटण वाजलं.

ललिता टेबलाशी होती. तिचे पाय आपोआप हलले, पण ती थांबली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजू लागली. पांढरा गणवेश तिच्यासमोरून वाऱ्यासारखा गेला. सात सेकंद.

दोन मिनिटांनी ती दाराशी जाऊन उभी राहिली. झटका शमला होता. अभिनव कुशीवर, घामाने ओला, डोळे हळूहळू उघडत होता. दीपाली त्याच्या चेहऱ्याशी वाकली होती.

"अभिनव, मी कोणता शब्द दिला होता?"

त्याने तिच्याकडे बघितलं. मग ओठ हलले.

"हिरवं कासव." आणि थोड्या वेळाने, अजून गुंगीतच, "सिस्टर, कठडा?"

दीपालीने कठडा धरून एकदा जोरात हलवला. जराही हलला नाही.

"वर आहे," ती म्हणाली. "झोप."